फियाटचा तळ बदलताना

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी मी आमच्या फियाटच्या उजव्या बाजूला, दोन दारांमधल्या खांबाखाली जॅक लावला, गाडी दोन-तीन इंच उचलली आणि ड्रायव्हरचे दार उघडून पुन्हा लावून पाहिले. दार लागले नाही. त्याचे कुलूप खांबावरच्या खिट्टीच्या अर्धा बोट खाली आदळत होते. जॅक सोडून चाके जमिनीवर टेकवल्यावर तेच दार नेहमीसारखे लागले. मी हा प्रयोग तीनदा केला आणि तिन्ही वेळा तसेच घडले, तेव्हा गाडीला ठिगळाची नव्हे तर नव्या तळाची गरज आहे, हे मला मान्य करावे लागले.

ही गाडी म्हणजे माझ्या वडिलांनी १९८१ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी. पद्मिनी हे नाव तिला १९७४ साली मिळाले. त्यापूर्वी हीच गाडी कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी फियाट ११०० डिलाइट आणि नंतर प्रीमियर प्रेसिडेंट या नावांनी बाहेर पडत असे. घरात मात्र तिला कोणी पद्मिनी म्हटल्याचे मला आठवत नाही. तिचा मूळ आराखडा इटलीतील १९५३ सालच्या फियाट ११००-१०३ चा, आणि त्या आराखड्यातील एक गोष्ट या सगळ्या कथेच्या मुळाशी आहे. जीपला किंवा ट्रकला खाली लोखंडी सांगाडा असतो आणि त्यावर टप बसवलेला असतो. फियाटला असा वेगळा सांगाडा नाही. तळाचा पत्रा, दाराखालचे पोकळ उंबरठे, मधला बोगदा (गिअरबॉक्स आणि मागे जाणाऱ्या दांड्यावरचा तळातला लांब उंचवटा), खांब आणि छत हे सारे एकमेकांना डागून एकच पेटी केलेली असते आणि इंजिनाचा, माणसांचा व रस्त्याच्या धक्क्यांचा भार ती पेटीच सोसते. बुटांच्या रिकाम्या खोक्याचा तळ कापून काढला आणि खोके दोन्ही हातांनी पिळून पाहिले, तर सडलेल्या तळाची फियाट जॅकवर का वाकते, ते लगेच समजते.

तळ सडला आहे, हे आम्हाला बारा वर्षांपूर्वीही ठाऊक होते. तेव्हा वडील हयात होते आणि त्यांनी गाडी एका गॅरेजात दिली होती. तिथे ‘पूर्ण नवा फ्लोअर’ टाकल्याचे सांगून पैसे घेतले गेले आणि गाडी खालून काळ्याभोर डांबराने माखून परत आली. वरून रबरी मॅट नवी होती. आम्ही समाधानाने ती घरी आणली आणि वडिलांनी त्या कामाबद्दल कधीही शंका घेतली नाही. त्या मॅटखाली खरोखर काय केले होते, ते मी या वर्षी पाहिले आणि मला त्याचा राग आला तो पैशांपेक्षा वडिलांच्या त्या विश्वासापायी.

पुढचे अखंड बाक चार बोल्ट काढून उतरवले. मॅट उचलली. तिच्याखाली नमद्याचा, म्हणजे दाबून केलेल्या जाड लोकरी कापडाचा, थर होता आणि पाऊस थांबून महिना उलटला तरी तो ओला होता. मुठीत धरून दाबल्यावर त्यातून तांबूस पाणी बोटांवर आले. वास पावसाळी गोणपाटाचा आणि जुन्या नाण्यांचा मिळून येतो तसा. नमदा खरवडल्यावर रिव्हेट मारलेला एक पत्रा दिसला, तो छन्नीने उचलला तर खाली डांबर, डांबराखाली दुसरा पत्रा, आणि त्या दुसऱ्या पत्र्याच्या खालच्या अंगावर खाद्यतेलाच्या डब्याची हिरवी-पिवळी छपाई. ड्रायव्हरच्या पायाखाली तेलाचा डबा कापून बसवलेला होता. त्याच्याही खाली मूळ तळ म्हणून जे काही उरले होते, ते पापडाच्या चुऱ्यासारखे हातात आले आणि त्या भोकातून मला शेडची फरशी दिसली.

दोन पत्र्यांमध्ये पाणी अडकले की ते बाहेर पडत नाही, केशाकर्षणाने आत आत सरकत राहते. लोखंडाचा गंज मूळ धातूपेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, त्यामुळे तो दोन्ही पत्रे एकमेकांपासून दूर रेटतो, फट रुंदावते आणि अधिक पाणी आत येते. डांबर सुरुवातीला लवचीक असते, परंतु ऊन-पावसात ते कडक होऊन त्याला चिरा पडतात आणि मग ते पाण्याला अडवण्याऐवजी धरून ठेवते. म्हणजे त्या गॅरेजने तळ झाकला नव्हता, तर सडण्याची सोय करून दिली होती.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील एका गाळ्यात जुन्या गाड्यांचे पत्राकाम करणारे एक वयस्क मिस्त्री आहेत. ते मूळचे खेडकडचे आणि तरुणपण कुर्ल्यात काळ्या-पिवळ्या टॅक्सींखाली घालवलेले. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही म्हणतो. मी नोकरी बँकेत करतो, पण शनिवार-रविवार त्यांच्या हाताखाली राबू द्यावे, या अटीवरच मी काम त्यांना दिले आणि ती अट त्यांनी आनंदाने मान्य केली. पहिल्या दिवशी त्यांनी गाडीखाली सरपटत जाऊन जुना स्क्रू-ड्रायव्हर पत्र्यात जागोजागी टोचला. जिथे तो रुतला तिथे खडूने फुली, जिथे टणक आवाज आला तिथे गोल. बाहेर आल्यावर ते म्हणाले, “भाऊ, पुढच्या दोन्ही पाय ठेवायच्या जागा आणि मागचा उजवा कोपरा गेला. पाट्यांच्या स्प्रिंगा जिथं अडकतात ती जागा शाबूत आहे, ते नशीब समजा. पण पत्रा नंतर. आधी पाणी शोधा.”

हे वाक्य मी पुढचे चार महिने डोक्यात बाळगले. तळ खालून सडतो, अशी माझी समजूत होती, कारण चिखल खालून उडतो. प्रत्यक्षात आमच्या तळाचा गंज वरून खाली गेलेला होता. एक कारण मला ठाऊक होते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला. त्या दिवशी पावसाचे पाणी आणि खाडीच्या भरतीचे पाणी एकत्र होऊन आमच्या चेंदणीच्या घराजवळच्या गल्लीत शिरले आणि गाडीच्या बाकापर्यंत चढले. वडिलांनी इंजिनाचे तेल बदलले, ब्रेक उघडून पुसले, गाद्या उन्हात टाकल्या. परंतु नमदा आतून ओला आहे आणि त्या ओलीत खाडीचे मीठ आहे, हे कोणाच्याच लक्षात आले नाही. मीठ हवेतील ओल ओढून घेते आणि गंजाची क्रिया कोरड्या दिवसांतही चालू ठेवते.

तरीही २००५ च्या पाण्याने यंदाचा नमदा ओला राहणार नाही. म्हणून आम्ही तळावर घासून स्वच्छ केलेल्या जागी आणि डॅशबोर्डखालच्या पत्र्यावर टाल्कम पावडर भुरभुरवली, मी टॉर्च घेऊन आत आडवा झालो आणि चाचांच्या मुलाने बाहेरून पुढच्या काचेवर पाण्याची नळी धरली, तीही जोराने नव्हे तर पावसासारखी वरून झिरपती. पाचेक मिनिटांनी काचेच्या डाव्या खालच्या कोपऱ्यातून एक थेंब निघाला आणि पांढऱ्या पावडरीवर रेघ ओढत सरळ तळाकडे उतरला. काचेचे रबर त्या कोपऱ्यात आखडून कडक झाले होते. पुढच्या दोन्ही दारांत आणखी एक गोष्ट सापडली: काचेच्या फटीतून दारात उतरणारे पाणी निघून जावे यासाठी दाराच्या तळाशी भोके असतात, ती मागच्या रंगकामात पुटीने बुजवली होती. पाणी दारात साचून आतल्या पुठ्ठ्यावरून गाडीत ओघळत होते. ही तिन्ही स्थळे दुरुस्त करायची यादी मी भिंतीवर लिहिली आणि मगच आम्ही पत्र्याकडे वळलो.

तयार तळ मिळावा म्हणून कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या भंगारबाजारात मी दोन फेऱ्या मारल्या. ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून उतरली, तेव्हा तिच्या जातभाईंचे काही अवशेष तिथे असतील, असा माझा हिशेब होता. एका दुकानात अर्धी कापलेली टॅक्सी होतीही. पण तिच्या तळावर आमच्यापेक्षा जास्त ठिगळे होती. वीस वर्षे मुंबईच्या पावसात दिवसरात्र धावलेल्या गाडीकडून दुसरे काय मिळणार? नवा तळ हातानेच घडवायचा, हे तिथे ठरले.

कापण्यापूर्वीच्या दोन दिवसांविषयी मला सविस्तर लिहायचे आहे, कारण या कामाचे यश किंवा अपयश तिथेच ठरते आणि पाहणाऱ्याला मात्र तेव्हा काहीच घडताना दिसत नाही. प्रथम बॅटरी उतरवली, पेट्रोलची टाकी रिकामी करून गाळ्याबाहेर नेली, तळाखालून जाणाऱ्या पेट्रोलच्या व ब्रेकच्या नळ्या मोकळ्या केल्या, सायलेन्सर काढला. चासी नंबर कोरलेल्या भागाचे आधी आणि नंतर फोटो काढून ठेवले आणि त्या भागाजवळ ग्राइंडर न्यायचा नाही, हे ठरवून घेतले. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते आणि तेव्हा तो नंबर स्पष्ट वाचता आला पाहिजे. गाडी जॅकवर नव्हे, तर चारही चाकांखाली सारख्या उंचीचे लाकडी ओंडके ठेवून उभी केली, जेणेकरून तिचा भार रस्त्यावर असतो तसाच स्प्रिंगांवर राहील.

मग ओळंबा. गवंडी भिंत सरळ आहे का ते पाहायला वापरतो तोच पितळी ओळंबा चाचांनी गाडीच्या खालच्या ठरलेल्या भोकांतून आणि बोल्टांच्या मध्यांतून एकेक करून खाली सोडला. तो डोलायचा थांबला की त्याच्या टोकाखाली फरशीवर मी पेन्सिलीने बारीक फुली मारायचो. अशा आठ फुल्या झाल्यावर पुढची डावी ते मागची उजवी आणि पुढची उजवी ते मागची डावी असे कर्ण मोजले. दोन कर्णांत सात मिलिमीटरचा फरक निघाला. सडलेल्या उजव्या बाजूने पेटी खाली बसली होती. उजव्या उंबरठ्याखाली लाकडी फळी घालून अगदी हळूहळू, जॅकचा दांडा पाव वळसा देत आणि दर वेळी दारांच्या फटी बघत आम्ही ती उचलली. कर्णांतला फरक दोन मिलिमीटरवर आला आणि ड्रायव्हरच्या दाराभोवतीची फट वरपासून खालपर्यंत एकसारखी झाली, तेव्हा एक इंची चौकोनी पाइपचे आडवे-तिरपे तुकडे दारांच्या चौकटीत आणि दोन मधल्या खांबांच्या दरम्यान वेल्ड केले. चाचा म्हणाले, “आता ही हलणार नाही. पाइप न लावता कापली असती, तर केळ्यासारखी झाली असती, मग कितीही चांगला पत्रा टाका, दारं कधीच लागली नसती.”

कापण्याचा नियम एकच: एका वेळी एकच बाजू. आधी उजवी. सडलेला मधला भाग कटिंग व्हीलने काढायला अर्धा तास पुरला. कडांना मात्र तीन दिवस लागले. कारखान्यात तळ आणि उंबरठा हे दोन पत्रे चिमट्यात दाबून विजेने जागोजागी डागलेले असतात आणि असा प्रत्येक डाग शोधून सोडवावा लागतो. तारेच्या ब्रशने रंग काढल्यावर ते डाग डाळीच्या दाण्याएवढ्या खळग्यांसारखे दिसतात. प्रत्येकाच्या मध्यावर पंचाने खूण करायची आणि डाग कापायच्या आठ मिलिमीटरच्या ड्रिलने फक्त वरचा पत्रा कापायचा, खालचा नाही. हाताला अंदाज येईपर्यंत मी खालच्याही पत्र्याला दोन-चार भोके पाडली आणि ती नंतर भरावी लागली. पुढे पुढे मात्र ड्रिलखालून येणाऱ्या चुऱ्याचा रंग बदलला की थांबायचे, हे हाताला कळू लागले: वरच्या पत्र्याचा चुरा चकचकीत, दोहोंमधल्या सांध्याशी आल्यावर तांबूस. उजव्या बाजूला असे एकशे अठरा डाग मी मोजले. बाक ज्यावर बसते ती आडवी पन्हळ चांगली होती. ती जपून सोडवली, कारण बाकाच्या बोल्टांची जागा तिच्यावरच ठरते.

तळ निघाल्यावर उंबरठ्याचे आतले अंग प्रथमच उघडे पडले. त्यात चाळीस वर्षांची धूळ गंजाशी मिसळून घट्ट बसली होती. सगळा मिळून घमेलेभर माल निघाला. सुदैवाने उंबरठ्याचा पत्रा तळाच्या कडेपुरताच खराब होता. तेवढी पट्टी कापून नवी बसवली. चांगला जुना पत्रा केवळ जुना म्हणून काढणे मला पटत नाही. त्याच्या मूळ जागा आणि मापे हीच पुढच्या सगळ्या कामाची खात्री असते.

पत्र्याच्या जाडीवरून माझा आणि चाचांचा थोडा वाद झाला. मूळ तळाच्या शाबूत तुकड्यावर माप लावले तर ते जेमतेम ०.९ मिलिमीटर, म्हणजे वीस गेज. चाचांच्या मते सोळा गेज टाकावा, “जन्माची कटकट मिटेल.” सोळा गेज म्हणजे १.६ मिलिमीटर. परंतु जाड पत्रा पातळ पत्र्याला वेल्ड करताना जाड तापेपर्यंत पातळ जळून भोक पडते, शिवाय त्यात पन्हळ हाताने उठवणे कठीण, आणि गाडीचे वजन विनाकारण वाढते. शेवटी अठरा गेजवर, म्हणजे १.२ मिलिमीटरवर एकमत झाले. आठ फूट बाय चार फुटांची एक सीआर शीट, म्हणजे थंड लाटलेला साधा पोलादी पत्रा, आणली. तिचे वजन अठ्ठावीस किलो भरते. गंजू नये म्हणून जस्ताचा मुलामा असलेला जीआय पत्रा घ्यावा, असे मला अनेकांनी सुचवले होते. जस्त ९०७ अंशांना उकळते आणि लोखंड वितळायला जवळजवळ पंधराशे अंश लागतात; म्हणजे वेल्डिंगच्या जागी मुलामा आधीच पांढरा धूर होऊन जातो, सांधा सच्छिद्र होतो आणि तो धूर छातीत गेला तर रात्री थंडी वाजून ताप येतो. बंद गाळ्यात दोन माणसे वाकून काम करणार असताना हा धोका पत्करण्याचे कारण नव्हते.

साचा फ्रिजच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा केला. पुठ्ठा तळाच्या जागी ठेवायचा, कडा बोटाने दाबून ठसा घ्यायचा, कात्रीने कापायचे, पुन्हा ठेवायचे; चौथा पुठ्ठा बरोबर बसला. त्यावरून पत्रा कापून शेजारच्या गाळ्यातील बेंडिंग मशीनवर बोगद्याच्या बाजूची कड उभी वाकवून घेतली. सपाट पत्रा तळाला चालत नाही. त्याच्यावर उठवलेल्या लांब पन्हळींमुळेच तो पाय ठेवल्यावर दबत नाही आणि गाडी चालताना रिकाम्या डब्यासारखा वाजत नाही. चाचांनी सागाच्या फळीत खोबण कोरली, वरून अर्धगोल लोखंडी पट्टी ठेवली आणि लाकडी मोगरीने एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे असे थोडे थोडे, पाच-सहा फेऱ्यांत ठोकत पन्हळ उठवली. एका फेरीतच पूर्ण खोलीपर्यंत ठोकले तर पत्रा ताणून फाटतो किंवा सगळा तुकडा पिळवटतो. ते काम करत असताना मी फक्त पत्रा धरून ठेवला होता. मोगरीचा आवाज ठकठक होता तो पत्रा खोबणीत पूर्ण बसताच एकदम भरीव झाला आणि चाचा न पाहताच पुढच्या वीतभर जागेवर सरकले.

नवा तळ जागेवर बसवून स्क्रूंनी तात्पुरता आवळला आणि कर्ण पुन्हा मोजले. फरक पाच मिलिमीटर! आदल्या शनिवारपर्यंत दोन होता. तासभर आम्ही कारण शोधत होतो. मागच्या उजव्या चाकाखालचा ओंडका मधल्या आठवड्यात कोणीतरी सरकवून परत ठेवला होता आणि त्याच्याखाली एक गिट्टीचा खडा अडकला होता. खडा काढला, गाडी पुन्हा बसवली, ओळंबा पुन्हा सोडला, फुल्या जुळल्या. त्या दिवशी वेल्डिंगची मशीन चालूच केली नाही. फुल्यांभोवती रंगाने गोल केले आणि ओंडके फरशीला खिळवून टाकले.

वेल्डिंग सीओटूवर, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूच्या आडोशात तार वितळवणाऱ्या विजेच्या मशीनवर केले, ०.८ मिलिमीटरच्या तारेने. गॅस वेल्डिंगची आच दूरवर पसरते आणि सपाट पत्रा लाटेसारखा होतो. नव्या पत्र्याच्या कडेला दर इंचावर सहा मिलिमीटरची भोके पाडली, सांध्यात येणाऱ्या दोन्ही अंगांना जस्तयुक्त प्रायमर लावला, भोकांतल्या जागेपुरता तो खरवडला आणि मग ती भोके एकेक करून वेल्डने भरली. सलग कधीच नाही; एक पुढे, एक मागे, एक मध्ये, आणि हात लावता येईल इतके गार होईपर्यंत थांबायचे. सुरुवातीला उरलेल्या तुकड्यांवर असे दोन डाग भरून चाचांनी छन्नीने ते उचकटायला सांगितले. पहिला डाग टिकलीसारखा सुटला. त्याने खालच्या पत्र्याला धरलेच नव्हते. विजेचा दाब वाढवल्यावर दुसऱ्या वेळी डाग तसाच राहिला आणि त्याच्याभोवतीचा पत्रा फाटला. “असा फाटला पाहिजे,” ते म्हणाले. त्यानंतरच मला गाडीवर वेल्ड करू दिले.

याच दिवशी एक गंभीर चूक माझ्या हातून झाली. टाकी बाहेर होती, पाण्याच्या दोन बादल्या आणि अग्निशामक नळकांडे हाताशी होते, आणि एवढ्यावर मी निर्धास्त होतो. मागच्या बाकाखालच्या कोपऱ्यात जुन्या नमद्याची एक पट्टी चिकटलेली राहिली होती. पुढच्या बाजूला वेल्ड करताना ठिणग्या बोगद्याच्या कडेने मागे गेल्या. वेल्डिंगच्या काचेआडून काही दिसत नाही. जळक्या केसांसारखा वास आला म्हणून मी काच वर केली, तोवर धूर छताला लागला होता. चाचांनी बादली ओतली. मागच्या दिव्यांच्या वायरी शेजारूनच जात होत्या. त्यांचे वेष्टन वितळले होते आणि तो सगळा जुडगा बदलावा लागला. त्यानंतर वेल्डिंगपूर्वी आतल्या प्रत्येक कोपऱ्यातून हात फिरवायचा आणि काम संपल्यावर अर्धा तास गाळा सोडायचा नाही, असा शिरस्ता आम्ही पाळला.

डावी बाजू आणि मागचा कोपरा यांविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. हात बसला होता, दोन्ही मिळून तीन आठवड्यांत झाले. घाई एवढ्याचसाठी होती की उघडा पत्रा ठाण्याच्या हवेत फार दिवस ठेवता येत नाही. हिवाळ्यात तो आठवडाभर दम धरतो, पण पावसाळ्यात हेच काम काढले असते तर सकाळी घासलेल्या पत्र्यावर संध्याकाळी तांबूस छटा आली असती.

रंगाच्या बाबतीत मी हट्ट धरला. नुसते रेडऑक्साइड (तांबडा प्रायमर) मारून वर डांबर, ही पद्धत मला पुन्हा नको होती, कारण रेडऑक्साइडचा पातळ थर एकटा ओल अडवू शकत नाही. जुन्या पत्र्यावर उरलेल्या गंजाच्या खळग्यांना फॉस्फरिक आम्लाचे द्रावण लावून, धुऊन, हीटरने वाळवले. त्यावर दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर, आतून आणि खालून. मग प्रत्येक सांध्यात बोटाने दाबत सीलर भरला. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण सीलर उघड्या लोखंडावर भरला तर त्याच्या आडून गंज चालू राहतो. सीलर सुकल्यावर रंग आणि गाडीखाली रबरासारखे लवचीक राहणारे लेपन. उंबरठ्यांच्या पोकळीत लांब नळीने मेणाचा फवारा मारला आणि त्यांच्या खालची पाणी जाण्याची भोके काडी घालून एकेक करून मोकळी केली. काचेचे रबर नवे, दारांची भोके उघडी, आतल्या पुठ्ठ्यामागे जाड प्लॅस्टिकचा पडदा. भिंतीवरची यादी पुसली.

फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी दारांतले पाइप कापून काढले. चाचांनी त्याच जागी, उजव्या मधल्या खांबाखाली जॅक लावला, दोन्ही उजवी चाके जमिनीवरून सुटेपर्यंत गाडी उचलली आणि माझ्याकडे पाहिले. मी ड्रायव्हरचे दार उघडले आणि दोन बोटांनी ढकलले. ते लागले.

नमदा मी परत बसवला नाही. रबरी मॅटखाली फक्त पाणी न शोषणारा पातळ फोम ठेवला आणि जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला त्या रात्री चारही पायांच्या जागी मॅटखाली वर्तमानपत्राचा एकेक कागद सरकवून गाडी मुद्दाम उघड्यावर उभी केली. सकाळी तीन कागद कोरडे निघाले. डाव्या पुढच्या कागदावर रुपयाएवढा ओला डाग होता. टाल्कम पावडर पुन्हा काढली. पाणी या वेळी काचेतून नव्हे, इंजिनाकडून आत येणाऱ्या वायरींच्या भोकातून येत होते. तिथली रबरी बुच्ची आम्ही जुनीच ठेवली होती आणि ती तडकली होती. नवी बुच्ची बसवली, नवा कागद ठेवला. त्या आठवड्यात चार दिवस संततधार लागली होती. रविवारी मॅट उचलली तेव्हा कागद कोरडा होता आणि हातात धरल्यावर कुरकुर वाजला.